सत्तावीस इंचांचा वार

टेपकाकूंच्या गळ्यात टेप दिसला नाही तर ओळखीची माणसंसुद्धा क्षणभर बुचकळ्यात पडायची. आंघोळीपुरता काय तो खिळ्यावर जायचा, बाकी दिवसभर गळ्यात. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. लेकाच्या शाळेतल्या कारकुनाने एकदा फॉर्मवर आईच्या नावाच्या जागी बेधडक 'टेपकाकू' लिहून ठेवलं होतं, आणि पुढे दहा वर्षं ते तसंच चाललं. गल्लीतल्या बायांचे झगे, पोरांचे गणवेश, जेटीवरच्या माणसांच्या विजारी, सगळं काकूंच्या हातचं. "मी कुठे सुटलेय, कापडच आटलं," असं म्हणणारीशी काकू वाद घालत नसत. टेप कमरेभोवती फिरवायच्या आणि आकडा तिच्याच तोंडून वाचून घ्यायच्या. माणसाच्या डोळ्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. आकडा दिसला की विषय संपला.

आता शिवणकाम करणाऱ्या बाईचा आणि समुद्राचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध होता, आणि चांगला सव्वीस वर्षांचा होता. घर वाळूच्या लांबलचक उंचवट्यावर, ओळीतलं शेवटून दुसरं. मागच्या खिडकीशी मशीन, आणि खिडकीबाहेर गवत, गवत संपलं की वाळूचा उतार, आणि मग पाणी. काकूंना समुद्र हिवाळ्यातलाच आवडायचा. उन्हाळ्यात तो सगळ्यांचा असतो, लोक येतात, कागद टाकून जातात. हिवाळ्यात ओहोटी लांबवर जायची, ओली वाळू ताटासारखी लख्ख व्हायची, कुठून कुठून आलेले करडे पक्षी तिच्यावर तुरुतुरु पळत राहायचे. वाळलेलं गवत दिवसभर सळसळायचं. ऊन असं तिरपं आत यायचं की काळ्या कापडावर काळा दोरा घालतानाही दिवा लागत नसे. "या उजेडासाठी मी कुठेही राहीन," असं काकू म्हणायच्या, आणि कुठेही म्हणजे इथेच, हे ऐकणाऱ्याला कळायचं.

नवरा जेटीवर दोरांच्या कामाला. तुटलेला दोर असा सांधायचा की सांधा बोटाला लागू नये. अबोल, सरळ, चहात साखर कमी पडली तरी न बोलणारा माणूस. सगळे त्याला दोरकाका म्हणत. दोघांची जोडी जमली होती खरी, एकाचा टेप आणि एकाचा दोर.

इथे राहायला आल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात, लेक पोटात असताना, काकूंनी पलीकडच्या गल्लीतलं एक घर खाली जाताना पाहिलं. आवाज फार झाला नाही. मागची भिंत बसली, मग छप्पर तिच्यामागून गेलं, आणि दुपारपर्यंत पाण्यावर कुणाची तरी खुर्ची तरंगत होती. त्या दिवशी काकूंनी नवऱ्याला अट घातली. मागच्या भिंतीपासून गवत संपतं तिथपर्यंत दर हिवाळ्यात मोजायचं, आणि पन्नास वारांच्या आत आलं की बिऱ्हाड उचलायचं, एक दिवस राहायचं नाही. काकांनी मान डोलावली आणि दोरी वळली. काकूंनी आपल्या टेपने छत्तीस-छत्तीस इंचांवर खडूच्या खुणा केल्या, काकांनी प्रत्येक खुणेवर गाठ मारली. एक गाठ म्हणजे एक वार. त्या वर्षी सत्तावन्न गाठी भरल्या.

तेव्हापासून थंडीतल्या पहिल्या रविवारी मोजणी ठरलेली. काका शून्याचं टोक भिंतीतल्या खिळ्याशी धरून उभे राहायचे, काकू एकेक गाठ मोजत गवतातून पुढे जायच्या, आणि काठावरून आकडा ओरडून सांगायच्या. हळूहळू गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन बघायला जमू लागली. आकडा वहीत लिहिला जायचा. दोरी खाऱ्या हवेत चार हिवाळ्यांत झिजायची, मग काका जुनी समोर ठेवून नवी करायचे; दोराचं काम त्यांचं, काकू त्यात लक्ष घालत नसत. आणि गंमत अशी की आकडा दोन-तीन वर्षं उतरायचा, पंचावन्न, चोपन्न, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पुन्हा छप्पन्न, सत्तावन्न. काकूंनी त्यावरून आपला सिद्धांतच मांडला होता. समुद्र नेतो, पण चार वर्षांनी वाळू आणून परत देतो. काठावरची झुडपं गेली, बसायचा बाक गेला, तेव्हा लोक घाबरले. काकूंनी वही उघडून दाखवली. डोळ्यांना काहीही दिसेल, असं त्या म्हणाल्या, आकडा बघा. लोक निर्धास्त झाले. टेपकाकूंचं माप चुकेल कसं?

गेल्या वर्षी शेजारच्या शेवटच्या घरातली पाववाली विचारायला आली. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, घरातल्या लहान भट्टीवर भागत नव्हतं. मागच्या अंगाला मोठी भट्टी बांधायची म्हणत होती, पण भीती वाटत होती. काकूंनी दोरी काढली. नव्या भट्टीची भिंत जिथे येणार होती तिथे काकांनी टोक धरलं, काकूंनी काठापर्यंत मोजलं. बरोबर पन्नास. पाववालीचा चेहरा पडला, म्हणाली, अगदी काठावरचाच आकडा आला की. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खुशाल बांध. पन्नास म्हणजे पन्नास. आणि चार वर्षांत परत वाढेल, मी सांगते ना." काका टोक धरून उभे होते. त्यांनी दोरी गुंडाळली आणि घरात गेले.

या हिवाळ्यात सरकारी माणसं तीन पायांवरचं यंत्र घेऊन आली, अर्ध्या तासात मोजून गेली, आणि आठवड्याने दारोदार नोटीस चिकटली. ओळीतली सगळी घरं महिनाअखेर रिकामी करा. काकूंच्या घराचं अंतर सदतीस मीटर. काकूंनी वारांचे मीटर केले, दोनदा केले. यंदाचे चोपन्न वार म्हणजे एकोणपन्नास मीटर होतात, आणि हे गृहस्थ बारा मीटर गिळून बसले. काकूंचा संताप संताप झाला. सव्वीस वर्षं आम्ही मोजतोय आणि हे अर्ध्या तासात शहाणे. गल्लीने हरकतीचा अर्ज केला, पुरावा म्हणून काकूंची वही जोडायचं ठरलं, आणि मोठे साहेब गुरुवारी येऊन ऐकणार असं पत्र आलं.

पण घरात मात्र उलटंच वारं. काकांनी नोटीस वाचली आणि शांतपणे म्हणाले की आपण जाऊ. लेकाने आतल्या शहरात त्यांच्यासाठी खोली ठेवलीच होती, गुडघे दुखतात, आता वय झालं, वगैरे वगैरे. बुधवारचा टेम्पोही ठरवून टाकला. काकू चिडल्या, रडल्या, मग थकल्या. जिंकायची लढाई सोडून हा माणूस पळतोय, एवढंच त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी वही पाववालीच्या हातात दिली आणि सांगितलं, आम्ही गेलो तरी तू हलू नकोस, वही दाखव, साहेब काही बोलू शकणार नाही. पाववालीने वही पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली. ओळीतल्या बाकीच्यांनी सामान बांधायला घेतलं होतं. ती एकटी रोजच्यासारखी भट्टी पेटवत होती.

सोमवारी सकाळी काकू शिवणाची खोली आवरत होत्या. बटणांच्या बरण्या पोत्यात गेल्या, साचे गुंडाळून झाले. मशीनचा लाकडी पाट आणि पायडल एकत्र बांधायला दोरी हवी होती. मोजणीची दोरी खिळ्यावरच होती. आता तिचं काय काम, म्हणून काकूंनी ती ओढली, आणि बांधण्याआधी किती लागेल ते बघायला सवयीने टेप लावला. हातच तसा होता, कापड असो, दोरा असो, समोर आलं की टेप लागायचा. दोन गाठींच्या मध्ये सत्तावीस.

काकूंनी चष्मा पुसला. पुढच्या गाठीला लावला, सत्तावीस. त्याच्या पुढच्या, सत्तावीस. सत्तावीस म्हणजे पाववालीच्या धाकटीची कंबर. सत्तावीस इंचांचा वार जगात कुठे असतो? गाठी सरकल्या असतील, दोर आटला असेल, असं मनाला समजावत त्या अंगणात गेल्या. काका दोर कधी टाकत नसत. जुन्या मोजणीच्या दोऱ्या घरातच कुठे ना कुठे कामाला लागल्या होत्या. कपडे वाळत घालायची दोरी त्यांतलीच एक. तिच्यावरचा टॉवेल बाजूला सारून काकूंनी टेप लावला. तेहतीस. फाटक बांधायचा तुकडा तिच्यानंतरचा, त्याला साडेएकतीस. जळणाच्या मोळीला अडकवलेला त्याच्याही नंतरचा, त्याला तीस. प्रत्येक दोरीला दीड इंच कमी. बिनचूक दीड इंच, कुठे सूतभरही इकडेतिकडे नाही. आटलेला दोर असा शिस्तीत आटत नाही. हे हाताचं काम होतं, आणि तो हात काकू ओळखत होत्या.

त्या तिथेच फाटकाशी बसल्या. हिशेब करायला कागदसुद्धा लागला नाही, शिवणारीला तेवढं तोंडी येतं. चोपन्न गुणिले सत्तावीस, भागिले छत्तीस. साडेचाळीस वार. म्हणजे सदतीस मीटर. यंत्र बरोबर होतं. समुद्राने सव्वीस वर्षांत एक वीतसुद्धा परत दिली नव्हती. परत देत होता तो नवरा, दर चार वर्षांनी, गाठी मारून. आणि आपण काठावर उभं राहून, छाती फुगवून, आकडे ओरडत होतो.

दहाच्या सुमाराला काका जेटीवरून आले. काकूंनी एका हातात दोरी आणि एका हातात टेप धरला होता. काही विचारायची वेळ आली नाही. काकांनी दोन्ही पाहिलं आणि पायरीवर बसले. मग इतक्या वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले. पहिल्या दोरीच्या शेवटच्या वर्षी आकडा त्रेपन्न आला होता, त्या दिवशी तू जेवली नाहीस, मशीनवरसुद्धा बसली नाहीस, खिडकीतून नुसती बघत राहिलीस. नवी दोरी करताना हात जरासा आखडला. तू खूश झालीस. मग पुढच्या वेळी खरं करायला गेलो असतो तर एकदम मोठा फरक दिसला असता. असं करत करत इथपर्यंत आलं.

"तुझ्यासाठीच केलं गं," काका म्हणाले. "तुला हे सोडवलं नसतं."

काकूंनी लेकाला फोन लावला. तो म्हणाला, आई, चार वर्षांपूर्वी सुट्टीत आलो होतो तेव्हा मी ऑफिसच्या टेपने मोजलं होतं. बाबा म्हणाले आईला सांगू नकोस. म्हणून तर खोली घेऊन ठेवली. काकूंनी फोन ठेवला. म्हणजे बापलेकांचं सगळं ठरलेलं होतं, खोली तयार होती, फक्त हिला वेड्यासारखं दोरीला धरून नाचवायचं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा परका असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"मला चाळीस वारांवर झोपवलंत, ते एक वेळ सोडून देते," काकू म्हणाल्या. "भट्टीच्या दिवशी तुम्ही टोक धरून उभे होतात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा का नाही बोललात?"

 काका हळूच म्हणाले की आता हे बाहेर काढू नकोस. परवा आपण जातोय. गुरुवारी साहेब काय ते ठरवतील, त्यांच्याकडे यंत्र आहे, ते काही वहीचं ऐकणार नाहीत. तिला जायला लागेलच. उगीच जाता जाता कशाला आपलं नाव घालवायचं?

खरं सांगायचं तर काकूंच्या मनातही क्षणभर ते येऊन गेलं. सव्वीस वर्षांचं नाव होतं, दुसरी कमाई ती काय. पण साहेबाने नुसती तारीख पुढे ढकलली तर? हरकतीच्या अर्जांचं तसंच होतं. मग उधाणाच्या भरतीत ती बाई, त्या दोन मुली आणि ती भट्टी चाळीस वारांच्याही आत, आणि तिच्या डोक्यात टेपकाकूंचे पन्नास. काकूंनी दोरी उचलली, वाळत घालायची दोरीही सोडली, टॉवेल तसाच जमिनीवर पडला, आणि त्या शेजारी गेल्या. काका मागून आले.

पाववाली पावाच्या लाद्या बाहेर काढत होती. काकूंनी उभ्या उभ्याच सांगितलं, माझं माप खोटं आहे, तू इथून नीघ. पाववाली आधी हसली. मग तिचं हसू गेलं आणि चेहरा कठीण झाला. तिला वाटलं, सरकारी ऑफिसवाल्यांनी काकूंना फिरवलं.

"तुमचं सामान बांधून झालं म्हणून आता असं का, काकू?" ती म्हणाली. "परवापर्यंत हलू नको म्हणत होतात."

हा घाव काकूंना अपेक्षित नव्हता. त्यांनी तोंडाने काही समजावलं नाही. दोरी भट्टीच्या ओट्यावर टाकली, गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, गाठी मोज. पाववालीने एक मोजली, दोन मोजल्या. वाळत घालायच्या दोरीवरची मोजली. आकडे तिनेच वाचले. मग त्या मागच्या अंगाला गेल्या. टेप साठ इंची. भट्टीच्या भिंतीपासून काठापर्यंत टेप टेप करत जायचं होतं. काका सवयीने पुढे झाले, भिंतीशी वाकले, आणि टोक धरायला हात पुढे केला.

"तुम्ही नको," काकू म्हणाल्या, आणि टोक पाववालीला दिलं.

दोघी वाकत, खुणेला काड्या रोवत, गवतातून पुढे सरकल्या. ऊन छान पडलं होतं. ओहोटी लांब गेली होती, वाळू लख्ख होती, पक्षी पळत होते, सगळं अगदी दर वर्षीसारखं होतं, आणि काकूंना त्यातलं काही बघवत नव्हतं. पाववाली मोठ्याने मोजत होती. पंधरापर्यंत आवाज धड होता. एकविसाव्या टेपाला तिचा पाय गवताच्या कडेवर होता आणि खालची वाळू घसरत होती. एकवीस टेप, पस्तीस वार. तिने तिथे शेवटची काडी रोवली. मग परत आली आणि काकांसमोर थांबली.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," काका म्हणाले.

 ती आत गेली, पिठाच्या डब्यामागची वही आणली आणि काकूंपुढे धरली. काकूंनी कानामागची पेन्सिल नको म्हणून तिच्याकडून शाईचं पेन मागून घेतलं. शेवटच्या पानावर लिहिलं, आधीचे सगळे आकडे खोटे आहेत, दोरी आखूड होती. खाली खरं माप लिहिलं. त्याखाली सही केली. मग वही आणि पेन नवऱ्यापुढे सरकवलं. काकांनीही सही केली. दोरी काकूंनी पाववालीच्या दाराशी खिळ्याला अडकवली, साहेबांना दाखवायला. टेप मात्र पाववालीने परत दिला नाही, आणि काकूंनी मागितला नाही.

मंगळवारी भट्टी पेटली नाही. दिवसभर शेजारून विटा काढल्याचे आवाज येत होते. काकू एकदा मदतीला गेल्या, पाववालीने थोरल्या मुलीकडून निरोप दिला की नको, आमचं आम्ही करू. रागाने नाही, नुसतं तसं सांगितलं. काकू परत येऊन रिकाम्या खिडकीशी बसल्या. गळ्याशी हात जायचा आणि तिथे काही नसायचं.

बुधवारी टेम्पो आला. ड्रायव्हरने सामान बांधायला दोरी मागितली, तेव्हा काकांनी जेटीवरून नवा दोर आणला आणि अशा गाठी मारल्या की ड्रायव्हर बघत राहिला, म्हणाला, आजोबा, हात काय आहे तुमचा. काकांनी दोराचं उरलेलं टोक आत खोवलं. पुढच्या सीटवर तिघं बसली, ड्रायव्हर, मध्ये काकू, आणि खिडकीशी काका. वळणापर्यंत समुद्र काकांच्याच बाजूला दिसत राहणार होता. हा वळणापर्यंतचा रस्ता डोळे भरून बघायचा, हे काकूंनी टेम्पो ठरला त्याच दिवशी ठरवलं होतं.

"बघून घे," काका म्हणाले, आणि तिला नीट दिसावं म्हणून अंग चोरून मागे टेकून बसले.

पण कितीही मागे टेकले तरी समुद्राच्या आधी त्यांचा चेहरा होता. काकूंनी समोर रस्त्याकडे बघितलं, आणि वळण गेलं तरी तिकडेच बघत राहिल्या.